कहूवरचे वकीलसाहेब

कोसा मेला तो धानाच्या ढिगाशेजारीच. रात्री दावं तोडून त्यानं ढिगात तोंड घातलं, पोट फुटेस्तोवर धान खाल्लं, आणि उजाडताना लटारू अंगणात आला तेव्हा बैल नगाऱ्यासारखा फुगून आडवा पडला होता. चारही पाय काठ्यांसारखे ताठ. टसरीच्या कोशासारखा रंग, म्हणून नाव कोसा. त्याच्या जोडीचा पाखऱ्या खुंट्याशी उभा राहून निवांत रवंथ करत होता आणि नेमकं तेच लटारूला सहन होईना. त्यानं पाखऱ्याच्या पाठीवर एक थाप मारली, मग हात तिथंच ठेवून कितीतरी वेळ उभा राहिला.

जानेवारीची थंडी होती. कुरखेड्याच्या अलीकडे सती नदीच्या काठी वसलेल्या कहूटोल्यात त्या दिवसांत कुणालाच फुरसत नसते. मळलेलं धान खरेदी केंद्रावर न्यायचं असतं, उन्हाळी धानासाठी बांध्यांत चिखल करायचा असतो. अशा वेळी घरात एकच बैल म्हणजे कैचीचं एकच पातं. लटारूची बायको सत्यशीला पदर तोंडाला लावून उंबऱ्यात बसली. कोसा काही दिवसांपासून लंगडत होता, धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून घसरून त्याचा पुढचा गुडघा सुजला होता. गुरांच्या डॉक्टरांनी औषध दिलं आणि आराम सांगितला. म्हणून तर त्याला गोठ्यातून काढून ढिगाजवळ मऊ तणशीवर बांधला होता. तो आरामच त्याला भोवला.

लटारूची आई गुणाबाई तेवढी बाहेर आली नाही. आत चुलीपाशी बसून राहिली.

आणि त्यांची पोरगी उर्वशी? ती रडली, खूप रडली, मग नाक पुसून म्हणाली की रीता मॅडमला फोन लावते.

उर्वशीचं हे असं होतं. नववीपर्यंत वर्गात तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. हजेरीलासुद्धा नुसता हात वर. दहावीत शाळेनं गिधाडमित्रांचा गट काढला, त्यात नाव कुणी देईना म्हणून सरांनी तिचं टाकलं, आणि पोरगीला जणू पंख फुटले. नदीकाठच्या जुन्या कहूच्या, म्हणजे अर्जुनाच्या, झाडावर गिधाडांची घरटी होती. रोज सकाळी ती तिथं जाऊन मान वर करून बसायची. झाड खालपासून वरपर्यंत विष्ठेनं पांढरं झालेलं, वास तर असा की सोबत आलेल्या मैत्रिणी दुसऱ्या दिवशी आल्याच नाहीत. उर्वशीला मात्र त्या पाखरांचा लळाच लागला. काळपट अंग, उघडी सावळी मान, मानेच्या मुळाशी पांढऱ्या मऊ पिसांचा गळपट्टा. बसलेलं असताना म्हातारं, पोक आलेलं दिसतं. उडालं की पाठीवर कमरेशी पांढराशुभ्र चौकोन उघडतो आणि तेच पाखरू राजाच्या ऐटीत तरंगायला लागतं. वर्षाला एकच अंडं. आई-बाप दोघंही पाळीपाळीनं उबवतात, दोघंही पिल्लाला भरवतात. घरी हे सांगितलं तेव्हा सत्यशीलानं लटारूकडे पाहून, पाखराले समजते म्हणे, एवढंच म्हटलं होतं.

त्यातल्या एका नराचं नाव तिनं वकील ठेवलं होतं. काळा कोट, पांढरी पट्टी, आणि खाली बघायची तऱ्हा अशी की समोरच्याला आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटावं. त्याच्या शेपटीतलं एक पीस तुटलेलं, त्यामुळे तो लगेच ओळखू यायचा. गुणाबाईनं त्याला पुढे बढती देऊन वकीलसाहेब केलं. यंदा वकीलसाहेबांच्या घरट्यात पिल्लू होतं. दिवाळीनंतर तालुक्याच्या भाषण स्पर्धेत उर्वशी याच पाखरांवर बोलली, पहिली आली, आणि तेव्हापासून गावात कुणी तिला 'लटारूची पोट्टी' म्हणेना. 'गिधाडवाली' म्हणू लागले. तिला ते आवडायचं.

तर रीता मॅडम आल्या. त्या वनरक्षक. मोटारसायकलवर फिरायच्या आणि कमी बोलायच्या. कहूटोल्यात मेलेलं ढोर आता पुरत नाहीत. जंगलखात्यानं गावाबाहेर कुंपण घातलेली जागा आहे, तिथं नेऊन ठेवतात. ती गिधाडांची खानावळ. पण नेण्याआधी एक रीत गावानंच ठरवली आहे. ढोराच्या शिंगाला हात लावून घरच्यानं चार माणसांसमोर सांगायचं की याला काय औषध दिलं होतं. दुखणं थांबवायचं एक औषध असतं, ते ढोराच्या अंगात असताना ढोर मेलं आणि गिधाडानं ते खाल्लं की त्याची किडनी जाते. मान खाली लोंबते, दोन-तीन दिवस तसंच बसून राहतं, आणि फांदीवरून पडतं. तसलं औषध दिलं असेल तर ढोर खोल खड्ड्यात जातं. शिंगाला हात लावून आजवर कुणी खोटं बोललेलं नव्हतं.

लटारू पुढे झाला खरा. पण हात शिंगापर्यंत नेऊन तो कोशाच्या कपाळावरचे केसच सारखे करत राहिला. तेव्हा उर्वशी पुढे आली. बापाचा हात बाजूला करून तिनं स्वतःचा हात शिंगावर ठेवला. डॉक्टरांनी दिलेली बाटली आपण स्वतः वाचली, ते औषध गिधाडाला चालतं, रोज आपल्यासमोर दिलं, असं तिनं खणखणीत सांगितलं.

"वाईट औषध याच्या अंगात नाई," ती म्हणाली. "माझा शब्द हाय."

शेजारचा सुकलू, ज्याच्या बंडीवरून कोशाला न्यायचं होतं, त्यानं रीता मॅडमकडे बघून मान हलवली. गिधाडवालीनं सांगितलं, आता आणखी काय पाहिजे.

बैल बंडीत चढवायला सहा माणसं लागली. फुगलेल्या पोटावरून दोर घसरत होता. सुकलूच्या तळहाताची साल निघाली. खानावळीच्या कुंपणात उतरवल्यावर सुकलूनं विळ्यानं कोशाच्या पोटावरचं कातडं चिरलं, कारण गिधाडाची चोच कितीही वाकडी असली तरी बैलाचं जाड कातडं तिला फाटत नाही. लटारूनं तोंड फिरवलं. पलीकडच्या येनाच्या झाडांवर पाखरं आधीच येऊन बसली होती, पण उतरत नव्हती. सकाळी त्यांचं असंच असतं. ऊन अंगात मुरेपर्यंत ती पंख पसरून, वाळत घातलेल्या घोंगड्यांसारखी बसून राहतात. हवा तापल्याशिवाय एवढं जड अंग उचलत नाही, आणि माणूस गेल्याशिवाय खाली यायचा धीर होत नाही. कित्येक दिवसांत कुठं ढोर मेलं नव्हतं. भुकेली होती बिचारी.

माणसं आंघोळीला घराकडे वळली. सगळ्यांत मागे उर्वशी. वकीलसाहेब येनाच्या शेंड्यावर होते. तिनं मनातल्या मनात त्यांना सांगितलं, जेवा पोटभर, आमचा कोसा आहे.

घरी आंघोळ करून, शाळेचा ड्रेस घालून ती चुलीपाशी आली तेव्हा गुणाबाई उठायचा प्रयत्न करत होती. एक हात भिंतीला, एक जमिनीला. उठता येईना. गुडघा कलिंगडासारखा झाला होता. उर्वशीनं तिला काखेत धरून उचललं, वर विचारलं की आजी, गोळ्या नाही घेतल्या का, त्या दिवशीच तर बाबांनी अख्खं पाकीट आणलं.  उर्वशीनं फळीवरचा डबा उघडला. आत रिकामी पट्टी. एकही गोळी नाही.

"एवढ्या कशा सरल्या गं, आजी?"

म्हातारीनं चुलीतलं लाकूड उगाच पुढे सारलं. मग सांगितलं. कोसा रातभर कण्हायचा. माझा गुडघा आणि त्याचा गुडघा, दोघांचं एकच दुखणं. मला ज्या गोळीनं आराम पडते, त्याले काऊन नाई पडणार? गुळात घालून, पिठाचा उंडा करून दोन्ही वेळेला चारल्या. आपण कळ सोसली. काल तर तो सूज असलेला पाय टेकवून उभा राहिला होता, बापाले विचार पाह्यजे तर.

उर्वशीनं पट्टीवरचं नाव वाचलं. ते नाव तिनं तालुक्याच्या स्टेजवर, माइकसमोर, बोट वर करून घेतलं होतं.

"तुमी लोकं इंजेक्शन नोको देऊ म्हणत होत्या नं," गुणाबाई म्हणाली. "गोई देऊ नोको असं कुठी म्हणलं?"

 खरंच कुणी म्हणालं नव्हतं. गावभर इंजेक्शनचीच चर्चा, भिंतीवरच्या चित्रात सुई, उर्वशीच्या भाषणातसुद्धा सुईच. दारातून सोनेरी ऊन आत आलं होतं, चुलीपर्यंत पोचलं होतं. ते ऊन पाहिलं आणि उर्वशीनं पट्टी आजीच्या हातात कोंबली. ऊन म्हणजे हवा तापली. तिनं आजीला सांगितलं की रीता मॅडमला फोन लाव, बाबांना पाठव, आणि अंगणातली ताडपत्री ओढून, सायकल काढून ती निघाली.

धुऱ्याधुऱ्यानं सायकल जात नाही. तिनं ती बांधीत टाकली आणि पळाली. पायांखाली लाखोरीचं ओलं पीक, चपलांना चिखल, म्हणून चपलाही टाकल्या. कुंपणाशी पोचली तेव्हा कोसा दिसतच नव्हता. त्याच्यावर नुसते पंख होते. बाकीची अजून गोल करून उभी, एकमेकांवर फिसकारत, मान पुढे काढून, तिरक्या तिरक्या उड्या मारत जवळ सरकत होती. कोशावर पहिला चढला होता तो शेपटीचं पीस तुटलेला. वकीलसाहेब. त्यांची मान पोटावरच्या चिरेत खांद्यापर्यंत गेलेली होती.

ज्या पाखरांसाठी ती महिनोन्महिने झाडाखाली श्वास धरून बसली, शिंक आली तर नाक दाबून धरायची, त्यांच्या अंगावर ती ताडपत्री फडफडवत, जेवढं नरडं असेल तेवढं ओरडत धावून गेली. पंखांचा असा आवाज झाला की जसं कुणी एकदम वीस सुपं पाखडली. धूळ, पिसं, वारा. सगळी उठली. एक वकील तेवढा उठेना. पोटात माल गेला होता, अंग जड झालं होतं. तो पंख पसरून, धपधप पाय टाकत पळत सुटला, आणि उर्वशी त्याच्यामागे. कुंपणाशी अडला. वळला. तिच्याकडे बघून मान खाली-वर केली आणि खाल्लेलं सगळं भळकन बाहेर टाकलं. निम्मं जमिनीवर, निम्मं तिच्या निळ्या कमीजवर. मग हलका झाल्यासारखा दोन ढांगा टाकून उडाला.

घाबरलं की ही पाखरं असंच ओझं टाकून पळतात, हे उर्वशीला माहीत होतं. पण सगळं टाकलं की थोडं पोटात राहिलं, हे कुणाला माहीत होतं?

तिनं ताडपत्री कोशावर टाकली, कडेनं दगड ठेवले, आणि काठी घेऊन उभी राहिली. पाखरं पुन्हा येनावर बसली. आता ती तिच्याकडे बघत होती. एवढ्या भुकेल्या डोळ्यांसमोर एकटं उभं राहणं सोपं नसतं. एखादं खाली उतरायचं, ती काठी आपटायची, ते फिसकारायचं. सॉरी सॉरी, ती पुटपुटायची, आणि पुन्हा काठी आपटायची.

लटारू आणि सुकलू आले तेव्हा ती अशी होती. अनवाणी, चिखलानं पोटऱ्यांपर्यंत भरलेली, अंगाला असा वास की सुकलूनं दुरूनच दुपट्टा नाकाला लावला. सकाळी पाखरं बोलावली, आता हाकलून राह्यली, आमी काय रिकामे आहोत का, असं तो म्हणाला. सोललेल्या हाताची आग त्याच्या बोलण्यात उतरली होती. उर्वशीनं सांगितलं की हे मांस द्यायचं नाही, खड्डा करावा लागेल.

"सकाळी शिंगाले हात लावला तेव्हा काय झोपेत होती?" सुकलूनं विचारलं.

"माझी चूक झाली, काका. मी पाहिलं नाई आणि शब्द दिला."

काय पाहिलं नाही, ते ती सांगेना. लटारू तिच्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं ही आपल्यावरच ढकलतेय. बैल गेला तो गेला, आता बापानं चोरून औषध दिलं असं गावाला वाटायला लावते. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तो हळूच म्हणाला की मी नाही काही दिलं, उर्वशी. त्या आवाजानं तिला सुकलूच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. पण आजीचं नाव घ्यायचं तर सुकलूसमोर घ्यावं लागणार होतं, आणि सुकलूसमोर म्हणजे संध्याकाळपर्यंत कुरखेड्याच्या बाजारात. तिनं काठीवरचा हात सोडला नाही.

तेवढ्यात मोटारसायकलचा आवाज आला. रीता मॅडम गाडी चालवत होत्या आणि मागे, एका बाजूला पाय सोडून, मॅडमच्या कमरेला गच्च मिठी मारून, गुणाबाई बसली होती. आयुष्यात पहिल्यांदा. लुगड्याचा सोगा वाऱ्यावर, डोळे बंद. गाडी थांबली तरी मिठी सुटेना, मॅडमना बोटं एकेक करून सोडवावी लागली.

ती लंगडत आली. कुणाचा हात घेतला नाही. ताडपत्रीचं टोक वर करून तिनं कोशाचं शिंग शोधलं, त्यावर हात ठेवला, आणि कमरेची पिशवी उघडून रिकामी पट्टी सगळ्यांना दिसेल अशी धरली.

"मी चारल्या," ती म्हणाली. "माह्या गुडघ्याच्या होत्या. पोट्टीले मालूम नोयतं, पोराले मालूम नोयतं. मले वाटलं बरा होईल."

 लटारूनं आधी आईच्या गुडघ्याकडे पाहिलं, मग कोशाच्या. मग तो घराकडे सब्बल आणायला निघाला. जाताना उर्वशीच्या डोक्यावर हात टेकवून गेला, वास असूनसुद्धा. सुकलूनं दुपट्टा नाकावरून काढून डोक्याला बांधला. म्हणाला, काकी, मीसुद्धा म्हशीले माह्या पाठीच्या दिल्या असत्या, आणि फावडं मागितलं.

बाजूचीच जागा धरली. जानेवारीची जमीन वर भुसभुशीत आणि हातभर खाली मुरमाड. सब्बल पडली की ठिणगी. लटारू खणायचा, सुकलू माती ओढायचा, रीता मॅडमनी वर्दीच्या बाह्या दुमडून घमेलं घेतलं. सत्यशीला भाकरी आणि मीठ घेऊन आली; मीठ भाकरीबरोबर खायला नव्हे, कोशावर टाकायला, पोतंभर. उर्वशीच्या हाताला फोड आले, फुटले, तिनं ओढणीची चिंधी गुंडाळली. सुकलूनं तिच्याकडे पाहून विचारलं की या खड्ड्यावरसुद्धा भाषण देणार का. देईन, ती म्हणाली, आणि त्यात तुमचं नाव घेईन, हात दुखला म्हणून कसे कुरकुरत होते ते. सुकलू हसला. लटारूसुद्धा, दिवसभरात पहिल्यांदा.

पाखरं दिवसभर येनावर बसून सगळं बघत होती. खड्ड्यात कोसा गेला, मीठ गेलं, माती गेली, वर दगड आले. उन्हं कलल्यावर ती एकेक करून, रिकाम्या पोटानं, नदीकडे उडाली. ते बघताना मात्र उर्वशीला रडू आलं.

त्या संध्याकाळी तिनं आजीच्या गुडघ्याला टोळीचं, मोहाच्या बियांचं तेल चोळलं. माझं नाव का नाही सांगितलं, असं गुणाबाईनं विचारलं. उर्वशी म्हणाली की शब्द मी दिला होता, माझाच होता. म्हातारीनं तिच्या हातावरचे फोड बघितले, उरलेलं तेल त्यांवर पुसलं आणि म्हणाली की आता भिंतीवर सुईच्या बाजूला गोईचंही चित्र काढा, आणि गुडघा पाह्यजे असेल तर माझाच काढा.

शाळेच्या भिंतीवर ते चित्र दुसऱ्याच दिवशी झालं. उर्वशी सरांकडे रंग मागायला गेली नाही, रंग द्या असं सांगायला गेली. पण चित्र काढताना तिचं अर्धं मन कहूवर होतं. पाखरं नदीपल्याड गेली आणि गळ्याच्या पिशव्या भरून परतली, म्हणजे तिकडे कुठं जंगलात त्यांना काही मिळालं होतं. वकीलही परतला होता. पण दोन-तीन दिवस जाईपर्यंत काही सांगता येत नाही, असं रीता मॅडम म्हणाल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी लटारूची बंडी धान घेऊन निघाली. पाखऱ्याच्या जोडीला सुकलूचा बैल होता. सुकलूनं तो आपणहून आणून खुंट्याला बांधला होता, बदल्यात लटारू त्याच्या बांधीत चिखल करणार होता. पोत्यांवर गुणाबाई बसली होती. मलेही पाहू दे तो वाचला का, म्हणून हट्टानं आली होती. कहूपाशी बंडी थांबली.

ऊन वर आलं. एक उडालं, दुसरं उडालं, मग सगळं झाडच उठल्यासारखं झालं. हवेत गोल गोल वर चढत गेली. शेंड्याजवळच्या घरट्यावर एकच उरलं. तुटलेल्या पिसाचं. आणि त्याची मान खाली लोंबत होती.

उर्वशीनं बंडीचा दांडा गच्च धरला. अशीच लोंबते, हे तिनं माइकवरून सांगितलं होतं. लटारूनं बैल थोपवले.  वर मान तशीच. मग ती मान एकदा झटक्यानं हलली, घशातून काहीतरी वर आलं, आणि घरट्याच्या काटक्यांतून एक उघडं, चिमणं, राखाडी डोकं उठलं. ते थरथरत वर आलं आणि थेट बापाच्या चोचीत घुसलं.

वकीलसाहेब पोराला भरवत होते.

उर्वशी नुसती बापाच्या पाठीवर बुक्क्या मारत राहिली, आणि लटारू हसत हसत अगं बंडी, अगं बैल, असं काहीतरी म्हणत राहिला. भरवून झालं तरी साहेब काठावर बसून पंख उन्हाला देत होते, निवांत, जसं काही घडलंच नव्हतं. गुणाबाईनं डोळ्यांवर हाताची सावली धरली, दुखता पाय पोत्यावर सरळ केला, आणि वर बघून म्हणाली, "उठा गा आता, वकीलसाहेब. कोर्टाच्या पेशीले उशीर होऊन राह्यला."

आणि ते उठले.